पुस्तक उलटे करणारा हात

एकदा एका शिष्याला आपले दुकान कुठे मांडावे असा प्रश्न पडला, आणि ते विचारायला तो गुरूकडे गेला. गुरू म्हणजे कोणी जटाधारी तपस्वी नव्हता. नदीकाठच्या एका जुन्या शहरात, न्यायालयाच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली जुनी पुस्तके विकणारा तो एक वृद्ध होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत. शिष्याचे नाव दिगंबर. शाळा अर्धवट सोडून तो या जिन्याखाली कामाला आला, इथेच वाढला, आणि वाचायलाही खऱ्या अर्थाने इथेच शिकला.

अप्पांच्या धंद्याची एक रीत होती. रोज सकाळी ते रद्दीच्या दुकानांतून फिरत. वजनकाट्यावर चढलेल्या ढिगात हात घालून एखादे पुस्तक बाहेर काढत, उभ्या उभ्या त्याचे पहिले पान उघडत आणि थोडे वाचत. मग स्वतःशीच म्हणत, "हे कोणाचं व्हायला हवं बरं?" उत्तर सापडले की त्या पुस्तकाला सुताचा दोरा बांधून ते दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवून देत. दोरा बांधलेले पुस्तक दुसऱ्या कोणालाही विकायचे नाही, मग तो कितीही पैसे देऊ करो. ज्याचे त्याने कधीतरी यावे आणि आपल्या हाताने दोरा सोडावा. पुष्कळदा त्या माणसाला ठाऊकही नसे की आपले असे एखादे पुस्तक जगात आहे आणि ते इथे आपली वाट पाहत बसले आहे.

दिगंबर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रद्दीच्या दुकानात गेला, तेव्हा अप्पा काट्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हासुद्धा पुस्तकाला प्रश्न विचारतो, बरं का. फक्त याला पुस्तक उघडावं लागत नाही."

रद्दीवाला इस्माईल हसला होता. "माझ्या काट्याला वाचता येत नाही अप्पा, म्हणून तर तुमचं पोट चालतं."

दिगंबरही हसला होता. त्यात काही शिकण्यासारखे आहे असे त्याला तेव्हा वाटले नाही.

वर्षे गेली. अप्पांचे गुडघे गेले. त्यांची मुलगी दूरच्या गावी राहत असे; ती आता "पुरे झालं, माझ्याकडे चला" म्हणून हट्ट धरून बसली. गल्लीत येणारी माणसे विरळ झाली. दिगंबरचे लग्न झाले, घरात पाळणा हलला. एके दिवशी अप्पांनी त्याला जवळ बसवले आणि म्हणाले, "दिवाळी झाली की मी निघणार. या जिन्याखाली जे आहे ते सगळं तुझं. मला दुसरा वारस नाही आणि नकोही. यातलं एकेक पुस्तक मी काट्यावरून उतरवून आणलेलं आहे, तेवढं ध्यानात ठेव."

असा ठेवा त्या शहरात दुसऱ्या कोणाकडे नव्हता, हे दिगंबरला पक्के ठाऊक होते. त्याच दिवशी त्याने तो प्रश्न विचारला.

"अप्पा, आता दुकान ऑनलाइन मांडायला हवं. इथं बसून भागणार नाही."

"मांड की. माझी कुठं ना आहे?"

"कुठं मांडू, ते विचारतोय." त्याने मोबाइल पुढे केला. "एक मोठा बाजार आहे. साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं तिथं मिळतं. लाखो माणसं रोज येतात. आपण नुसतं पुस्तक ठेवायचं. गिऱ्हाईक त्यांचं, पोचवायची जबाबदारी त्यांची. विक्रीतला वाटा तेवढा कापून घेतात."

"आणि दुसरं?"

"दुसरी कंपनी रिकामं दुकान भाड्यानं देते. वेबसाइट आपली, पाटी आपली, मांडणी आपली. पण ते म्हणजे आडरानात दुकान टाकल्यासारखं. हाका मारून माणसं आपणच गोळा करायची."

अप्पांनी चष्मा पुसला. "मला दुकानं दाखवू नकोस. दोन्हीकडे पुस्तक आत कसं जातं, ते दाखव."

दिगंबरने मोठ्या बाजाराचे पान उघडले. सर्वांत वर एक चौकट होती आणि तिच्यापुढे लाल चांदणी. पुस्तकाच्या मागच्या बाजूला उभ्या रेघांखाली जो आकडा छापलेला असतो, तो आधी तिथे भरायचा होता.

अप्पांच्या मांडीवर त्या वेळी एक जाड, पिवळे पडलेले पुस्तक होते. एका आडगावच्या वैद्याने फार पूर्वी लिहिलेले, गुरांच्या औषधांचे. त्यांनी ते उलटे करून पाहिले. मागे काही नव्हते. नुसता पुठ्ठा आणि कोपऱ्यात वाळवीने खाल्लेली एक जागा.

"याचा आकडा?"

"जुन्या पुस्तकांना नसतो अप्पा."

"मग?"

"मग पुढचं पान उघडत नाही."

दिगंबरने दुसरे दुकान दाखवले. तिथे एक मोठी कोरी चौकट होती आणि तिच्यावर लिहिले होते, 'तुमच्या वस्तूविषयी लिहा.'

"किती लिहायचं?"

"हवं तेवढं."

अप्पांचा चेहरा उजळला. "मग इथंच मांड."

"तिथं कोण येणार?"

"येतील हळूहळू."

"हळूहळू म्हटलं की दूधवाला थांबत नाही, अप्पा."

बोलून गेल्यावर दिगंबरलाच ओशाळे वाटले. पण बोलणे खरे होते, आणि अप्पांनीही ते खरे मानले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "घर तुला चालवायचं आहे, मला नाही. मोठ्या बाजारात मांड. फक्त दारात पहिला प्रश्न कोणता विचारतात, तो विसरू नकोस."

दिगंबरने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण जशी डोलावतो, तशी.

मोठ्या बाजारात त्याचे बरे चालले. अगदी सुरुवातीला त्याने जिन्याखालची आकडेवाली पुस्तके तेवढी निवडून घेतली आणि बाकीची नंतर बघू म्हणून ठेवली. आकडेवाली संपली, तेव्हा तो स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके घाऊक भावाने आणू लागला. ती मुठीमुठीने खपत. घरी गॅसचे दुसरे सिलिंडर आले, मुलाचे नाव चांगल्या शाळेत घालायचे ठरले. दिगंबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पार्सले बांधी. पार्सलावर गिऱ्हाइकाचे नाव असे, पण ते बाजाराने छापून पाठवलेले असे आणि त्याचा फोन नंबर झाकलेला असे. ते नाव वाचण्याचे काही कारणच नव्हते. चिकटवायचे आणि गठ्ठ्यावर टाकायचे.

मार्गदर्शके पुरवणारा व्यापारी एकदा जिन्याखाली आला. अप्पा त्या दिवशी दवाखान्यात गेले होते. व्यापाऱ्याने वरची फळी न्याहाळली.

"हे दोरे कशाला बांधलेत रे? नवस आहे का?"

"ती ठेवलेली पुस्तकं आहेत. ज्याची त्याला द्यायची."

"म्हणजे तुमच्याकडे पुस्तक गिऱ्हाईक निवडतं." व्यापारी हसला आणि त्याने वैद्याचे ते जाड पुस्तक खाली घेतले. "याची नवी आवृत्ती निघाली आहे की. पातळ, चकचकीत. बाजारात चांगली चालते."

"ती अर्धी कापलेली आहे. आणि ह्याला आकडा नाही."

"अरे, मग तिचा आकडा ह्याला लाव. नाव तेच, लेखक तोच. गिऱ्हाईक नाव बघतं. सगळेच करतात."

दिगंबर म्हणाला, "ते जनावरांच्या डॉक्टरांचं आहे."

ते खरे होते. तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरांचे डॉक्टर दर दिवाळीआधी पेन्शनच्या कामासाठी शहरात येत आणि काम झाले की जिन्याखाली डोकावत. जनावराच्या कण्हण्यावरून त्याचे दुखणे ओळखण्याविषयी त्या वैद्याने एक प्रकरण लिहिले होते. डॉक्टरांनी ते जुन्या माणसांच्या तोंडून नुसते ऐकले होते. नव्या आवृत्तीने नेमके तेच गाळले होते. अप्पांना ते पुस्तक या वर्षी एका ढिगात मिळाले आणि त्यांनी त्याच क्षणी त्याला दोरा बांधला होता.

"कधी येणार तुझे डॉक्टर?"

"दिवाळीत."

"आले तर आले," व्यापारी म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा? आणि असली पुस्तकं आणखी मिळतात."

त्या महिन्यात विक्री जरा उतरली होती, आणि नवी पुस्तके चढवा म्हणून बाजार रोज निरोप पाठवत होता. व्यापारी गेल्यावर दिगंबरने हातातले पार्सल बांधून संपवले. मग त्याने दोरा सोडला, फळीवर ठेवून दिला आणि नव्या आवृत्तीचा आकडा त्या चौकटीत भरला. पुढचे पान उघडले.

पुस्तक लगेच विकले गेले आणि तितक्याच लगेच नाकारले गेले. दूरच्या एका शहरात कोणीतरी ते मागवले होते. त्याला चित्रात दिसणारे चकचकीत पुस्तक हवे होते. त्याने तक्रार लिहिली: जुने, पिवळे, वास येतो, फोटोसारखे नाही. पुस्तक परतीला लागले, पण ते दिगंबरकडे आलेच नाही. बाजाराच्या गोदामातून निरोप आला की परत आलेली वस्तू विकण्यायोग्य नसल्यामुळे नियमानुसार नष्ट करण्यात येत आहे. असा प्रकार पुन्हा झाल्यास खाते बंद होईल, असेही खाली होते.

दिगंबरने विनवण्या लिहिल्या. वस्तू नष्ट करू नका, परत पाठवण्याचा खर्च मी भरतो, मी स्वतः येऊन घेऊन जातो. प्रत्येक वेळी तेच उत्तर आले: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढे पुढे त्याच्या लक्षात आले की हे उत्तर कोणी माणूस लिहीतच नाही.

या प्रकाराने तो धास्तावला. खाते बंद झाले तर घर बंद झाले. त्यानंतर त्याने आकडा नसलेल्या पुस्तकाला हात लावला नाही. रद्दीच्या दुकानात तो अजून जात असे, पण ढिगातून पुस्तक काढले की त्याचा हात आपोआप ते उलटे करी. मागे रेघा दिसल्या तर पिशवीत, नाहीतर परत ढिगात. काम झटपट होई. इतके झटपट की पहिले पान उघडायला वेळच लागत नसे. आपला हात बदलला आहे, हे त्याचे त्याला कळलेही नाही.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर आले. अप्पा गादीवर बसलेले होते. दिगंबर कोपऱ्यात पार्सले बांधत होता.

"या डॉक्टरसाहेब," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आज तुम्हाला असं काही देतो की पेन्शन विसराल."

"ते मीच काय, सरकारसुद्धा विसरलंय." डॉक्टर चौकटीला धरून हळूच खाली बसले.

अप्पांनी भिंतीचा आधार घेत वरच्या फळीवर हात नेला. हात इकडून तिकडे फिरला आणि खाली आला तेव्हा त्यात नुसता दोरा होता.

दिगंबरने पार्सलावरून मान वर केली नाही. "ते... विकलं गेलं अप्पा. चुकून."

"कोणतं?" डॉक्टरांनी विचारले.

अप्पा दोऱ्याकडे पाहत होते. दिगंबरलाच सांगावे लागले. "तुमचं. वैद्यबुवांचं, गुरांचं. जुनं होतं ते."

डॉक्टर पुढे झुकले. मग म्हणाले, "पूर्ण होतं? त्यात ते कण्हण्याचं प्रकरण होतं?"

"होतं."

"कोणाकडे गेलं?"

आता खरे सांगायचे म्हणजे सगळेच सांगावे लागणार होते. दिगंबर म्हणाला, "चांगल्या माणसाकडे गेलं. अभ्यास करणाऱ्या."

"मग झालं तर." डॉक्टर मनापासून बोलले. "वाचणाऱ्याकडे गेलं ना, मग माझ्याकडे आलं काय आणि त्याच्याकडे गेलं काय. मी तरी आता कुठं कुणाची गुरं बघतो? सकाळी अंगणात बसतो. समोर चिंचेवर पाखरं येतात. उभा जन्म जनावरांत गेला आणि एका पाखराचं नाव सांगता येत नाही. हसू येतं माझं मलाच."

ते हसले आणि पाणी पिऊन गेले. अप्पा दोरा बोटाभोवती गुंडाळत बसून होते. त्यांनी काही विचारले नाही. दिगंबरला वाटले, बरे झाले, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा काठी टेकत त्याच्याबरोबर इस्माईलच्या दुकानात आले. फार दिवसांनी आले म्हणून इस्माईलने स्टूल दिले. अप्पा स्टुलावर बसून दिगंबरच्या हाताकडे पाहत राहिले. पुस्तक वर, उलटे, खाली. पुस्तक वर, उलटे, पिशवीत. निघताना ते इस्माईलच्या कानाशी काहीतरी बोलले. इस्माईलने दोनदा मान हलवून नकार दिला आणि तिसऱ्यांदा खाली घातली.

चार दिवसांनी दिगंबर जिन्याखाली आला, तर गल्लीत इस्माईलची हातगाडी उभी होती. वजनकाटा दुकानाच्या दारात टांगलेला होता. दोऱ्याची पुस्तके आधीच ज्याच्या त्याच्या घरी गेली होती; अप्पा गादीवर बसून उरलेली पुस्तके एकेक करून घेत होते. पुस्तक घ्यायचे, पहिले पान उघडायचे, ओठ हलवत थोडे वाचायचे, मिटायचे आणि काट्याच्या पारड्यात ठेवायचे. ज्या माणसाने जन्मभर काट्यावरून पुस्तके उतरवली, तो आज ती चढवत होता.

"अप्पा, हे काय करताय?"

"रद्दी देतोय."

"इस्माईलभाई, थांबवा ते."

"मला नको सांगू," इस्माईल दुसरीकडे पाहत म्हणाला. "मी नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, तू नाही घेतलीस तर दुसऱ्याला बोलावतो."

दिगंबरने पारड्यातल्या पुस्तकांवर हात ठेवला. "ही मला दिली होती तुम्ही."

"दिली होती. पण तुझ्याकडे ती जाणार कुठं?" अप्पांचा आवाज चढला नाही. "तुझ्या खोलीत परीक्षांच्या गठ्ठ्यांखाली एखादं वर्ष राहतील. मग ओल धरतील. मग तू यालाच बोलावशील आणि ती गाडीत भरली जाईपर्यंत तोंड फिरवून उभा राहशील. ज्यानं आणली त्यानंच पाठवावी. निदान मी एकेकाचं तोंड बघून पाठवतोय."

"वाचनालयाला द्या."

"गेलो होतो. तिथल्या मुलीनंही पुस्तक उलटंच केलं. तिच्या कॉम्प्युटरलाही आधी तोच आकडा लागतो."

दिगंबर खाली बसला. अप्पांनी पुढचे पुस्तक हातात घेतले, पण उघडले नाही.

"तू मला विचारलं होतंस, दुकान कुठं मांडू. तुला वाटलं दुकान तू निवडलंस. दिगंबर, जो दारात प्रश्न घेऊन बसतो तो निवडतो. एका दिवसात नाही निवडत. रोज थोडं निवडतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं ते आत, देता येत नाही ते बाहेर. माणसाला वाटतं, फॉर्म भरला, संपलं. पण तो प्रश्न घरी येतो, हातात उतरतो. मी परवा तुझा हात बघितला. तो इस्माईलच्या काट्याचा भाऊ झालाय. दोघांनाही पुस्तक उघडावं लागत नाही."

इस्माईल म्हणाला, "माझ्या काट्याला कशाला मध्ये घेता? तो बिचारा पुस्तकं विकण्याचं सोंग तरी करत नाही."

कोणी हसले नाही.

"हे मी तुला धडा देण्यासाठी करत नाही," अप्पा म्हणाले. "मला राग आलाय. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून करतोय."

दिगंबरला कितीतरी बोलायचे होते. घरभाडे, शाळा, दूधवाला. पण ती उत्तरे या प्रश्नाची नव्हती. तो एवढेच म्हणाला, "मला उतरवून घेऊ द्या."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिले. "काट्यावरून उतरवायची रीत तुला ठाऊक आहे. पान उघड, वाच आणि कोणाचं ते सांग. ज्यांची माणसं सांगशील तेवढी तुझी."

दिगंबरने वरचे पुस्तक उचलले. त्याचा हात ते उलटे करायला निघाला. त्याने तो आवरला आणि पान उघडले. पूर आलेल्या गावांतून डाक पोचवणाऱ्या एका पोस्टमास्तरची ती हकीकत होती. त्याने वाचले. सुंदर होते. पण हे कोणाचे? तो आठवू लागला. इतकी पुस्तके त्याने विकली होती, इतक्या लोकांना. त्याला एकही चेहरा आठवेना. आठवत होते ते पार्सलावरचे पिनकोड.

"केसकर मास्तरांचं," तो अंदाजाने म्हणाला. मास्तर पूर्वी नेहमी येत.

"मास्तर गेले. दोन पावसाळे झाले." अप्पांनी पुस्तक त्याच्या हातून घेऊन पारड्यात ठेवले.

त्याने दुसरे उघडले, तिसरे उघडले. विहिरीची जागा हेरण्याचे एक, बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केलेले एक, साताऱ्याकडच्या एका सुताराने स्वतःच्या हत्यारांवर लिहिलेले एक. प्रत्येक वेळी तो पान उघडून थोडा वेळ थांबे आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून परत देई. खोटे बोलता आले असते. पण अप्पांच्या समोर, आणि त्याहून त्या उघड्या पानासमोर, त्याला ते जमले नाही. पारडे भरे, इस्माईल ते गाडीत रिते करी. दुपार झाली.

ढीग संपत आला, तेव्हा त्याच्या हाती एक लहानसे पुस्तक आले. गावाकडच्या झाडांवर येणाऱ्या पाखरांविषयी, हाताने काढलेल्या चित्रांचे. चिंचेवर कोणती येतात, बाभळीवर कोणती.

"हे डॉक्टरांचं," तो म्हणाला. "गुरांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या अंगणात चिंच आहे."

अप्पांचा हात थांबला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो दोरा काढला, वैद्याच्या पुस्तकाचा, आणि दिगंबरच्या तळहातावर ठेवला. बाकीची गाडी कागदाच्या गिरणीकडे गेली. जाताना इस्माईलने पैसे पुढे केले. अप्पांनी घेतले नाहीत, आणि दिगंबरची घेण्याची छाती झाली नाही.

तो दोरा बांधून ते पुस्तक दिगंबर तालुक्याच्या गावी घेऊन गेला. डॉक्टर अंगणातच होते. त्यांनी गाठ सोडली, दोरा बोटाला गुंडाळला, चित्रे पाहिली आणि मान वर करून चिंचेकडे पाहिले. त्यांना फार आनंद झाला. त्या आनंदातच दिगंबरने त्यांना वैद्याच्या पुस्तकाचे काय झाले ते सांगितले.

"म्हणजे वाचणाऱ्याकडे गेलं म्हणालास ते?"

"खोटं होतं."

डॉक्टरांनी बोटावरचा दोरा उलगडला. मग म्हणाले, "म्हणजे ते कण्हण्याचं आता गेलंच. मुकं जनावर काय सांगतं ते एकानं लिहून ठेवलं होतं." त्यांनी पाखरांचे पुस्तक मिटले, पण परत दिले नाही. "हे ठेवतो. चहा घेऊन जा असं म्हणायला हवं खरं तर."

ते म्हणाले नाहीत. दिगंबर नमस्कार करून निघाला.

दिवाळीनंतर अप्पा मुलीकडे गेले. दिगंबरने भाड्याचे ते दुसरे दुकान घेतले. घर मोठ्या बाजारातल्या मार्गदर्शकांवरच चालते. ते त्याने बंद केले नाही, करू शकला नाही. नव्या दुकानाला त्याने पाटी लावली, ती कोरी चौकट उघडली आणि तिच्यासमोर बसून राहिला. 'तुमच्या वस्तूविषयी लिहा.' लिहायला त्याच्याकडे त्या दिवशी एकही पुस्तक नव्हते.

आता तो पुन्हा सकाळी इस्माईलकडे जातो. ढिगातून पुस्तक काढतो, आणि हात अजूनही आधी ते उलटे करायला निघतो. मग तो त्याला वळवतो आणि पहिले पान उघडतो. इस्माईल ते पाहत असतो.

नवे दुकान मांडणाऱ्याने दारातला पहिला प्रश्न आधी वाचावा, आणि पुस्तक न उघडता त्याचे उत्तर देता येत असेल, तर त्या दिवसापासून आपल्या हाताकडे लक्ष ठेवावे.